पुंजाजीचं पोतं

'नशीब' हा शब्द कुणी सहज वापरला की अलीकडे माझं डोकं फिरतं. समोरचा बिचारा एवढंच सांगत असतो की नशीब, बस मिळाली, किंवा नशीब, वेळेवर लाइट आली. मी त्याच्याकडे असा बघतो की तो पुढचं बोलणं गिळतो. बायको म्हणते, रिटायर झाल्यापासून तुमचा स्वभाव खवट झालाय. स्वभाव माझा पहिल्यापासूनच खवट आहे, पोस्टाच्या खिडकीमागे जन्म गेलेल्या माणसाचा दुसरा कसा असणार? पण या एका शब्दाचा दोष पोस्टावर टाकता येणार नाही. त्याचं कारण पुंजाजी आहे.

अनसिंगहून वाशीमकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पुंजाजीचं वावर लागतं. वांगी, टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, जे त्या मोसमात निघेल ते. पहाटे भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, पहिल्या बसच्या टपावर टोपल्या चढवायच्या आणि वाशीमच्या बाजारात विकून उन्हं चढायच्या आत परत यायचं. अंगानं हा माणूस वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा. बोलणं तुटक, आवाज चिरका. वावराच्या कडेला टिनाचं एक छप्पर होतं. अर्ध्या छपराखाली दोन बैल आणि अर्ध्याखाली डॉक्टरांची फियाट.

पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, फुगीर पाठीची ही जुनी गाडी. सगळा मुलूख त्या गाडीला डुक्कर फियाट म्हणतो. पुंजाजीसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. एकदा एका पाहुण्यानं म्हटलं, तर पुंजाजीनं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला होता. अर्धा चहा कपात तसाच होता.

गाडी डॉक्टर मुळावकरांची. आमच्या भागात ज्या काळी सलाइन लावणारा माणूस शोधावा लागे, त्या काळी ते इथं दवाखाना चालवत. पुंजाजी तेव्हा जवान होता. दिवसा वावर आणि अडीनडीला डॉक्टरांची गाडी, अशी त्याची दुहेरी नोकरी. अडलेल्या बाया त्याच गाडीतून वाशीमला पोचल्या, आणि त्यातल्या काहींची पोरं आता स्वतः बाप झालीत. मग डॉक्टरांच्या बायकोला मोठं दुखणं आलं आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "पुंजा, गाडी तुझ्यापाशी राहू दे. चालू ठेव. मी येऊन नेईन."

एवढंच. कागद नाही, साक्षीदार नाही. डॉक्टर बसमध्ये बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत. पुंजाजीनं पुढची बावीस वर्षं त्या तीन वाक्यांवर काढली.

दर गुरुवारी तो गाडी धुवायचा. डॉक्टरांचा दवाखाना गुरुवारी बंद असे, म्हणून गुरुवार. मग अंगातला सदरा बदलायचा, टोपी घालायची आणि गाडी चार मैल लांब, रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन परत आणायची. मागच्या सीटवर तो कधी कुणाला बसू देत नसे, स्वतःही बसला नाही. ती डॉक्टरांची जागा. गाडीत भाजी ठेवायची नाही, बिडी ओढायची नाही, पान खाऊन बसायचं नाही. रस्त्यात कुणी हात दाखवला तर हा हात जोडून पुढं निघून जायचा.

आता एवढी जुनी गाडी चालू ठेवायची म्हणजे तिचे पार्ट हवेत, आणि ते वाशीमला सोडा, अकोल्यालाही मिळेनात. इथं मी त्याच्या आयुष्यात शिरलो. मला हिंदी बरी येते, इंग्रजीत पत्र लिहिता येतं आणि पार्सल माझ्याच खिडकीतून जातं, एवढीच माझी पुण्याई. जुन्या गाड्यांच्याच पार्टांचा धंदा करणारा मुंबईचा एक शेठ आम्ही शोधून काढला. ब्रेकच्या सामानासाठी कोइमतूरचा एक जण सापडला. मी काहीही विचारलं तरी तो फक्त 'ओके सर' म्हणायचा आणि महिन्याभरानं बरोबर तोच पार्ट पाठवायचा. टोमॅटोचा भाव चढला की पुंजाजी माझ्या खिडकीशी येऊन उभा राही, आणि मी समजून जाई की गाडीला काहीतरी नवं येणार.

पहिल्याच वेळी गंमत झाली. गाडीचा वॉटर पंप गेला. शेठनं कळवलं, जुना पंप नमुन्याला पाठवा. पुंजाजी म्हणाला, तो घराबाहेर जाणार नाही. मी चिडलो. नमुना नाही तर माप कसं कळणार? दुसऱ्या दिवशी हा माणूस फडक्यात गुंडाळून एक वस्तू घेऊन आला. त्यानं कणीक घट्ट मळून तिच्यात पंपाची बैठक दाबली होती आणि तो ठसा उन्हात कडक वाळवला होता. बोल्टांची भोकं जिथल्या तिथं उमटलेली. मी कपाळाला हात लावला, पण पार्सल केलं. आठ दिवसांनी शेठचा पोस्टात फोन. "मास्टरजी, ये रोटी किसलिये भेजी है?" रोटीत वाटेत सोंडे झाले होते. पण शेठही आपल्या धंद्याचा पक्का. त्यानं सोंडे झटकून माप घेतलं, पंप पाठवला आणि तो चपखल बसला. तेव्हापासून तो फोनवर पुंजाजीची चौकशी 'रोटीवाले भाई' अशी करू लागला.

जुना पंप घराबाहेर का जाणार नाही, हे मला नंतर कळलं. छपरात बैलांच्या गव्हाणीमागे एक गोणपाटाचं पोतं होतं. पुढं त्याची तीन झाली. गाडीतून निघालेला प्रत्येक पार्ट जळक्या तेलात बुडवून, चिंधीत बांधून तो त्या पोत्यात ठेवायचा. चिंधीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं असे: 'वाटरपंप. मेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी.' 'कारबोरेटर. मेला. पोहरादेवीची जत्रा.' मी हसलो, तसा तो गंभीर झाला.

"मास्तर, मालकानं गाय बटईनं देल्ली आन् ते मेली, तं राखनाऱ्यानं काय करा लागते? कातडं नेऊन मालकाच्या अंगनात टाका लागते. नाहीतं मालक म्हनन, इकली यानं."

त्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्यांची जनावरं बटईनं राखली होती. वासरू अर्ध्या वाट्याचं, पण गाय शेवटपर्यंत मालकाची. बाप एकदा मेलेल्या गाईचं कातडं डोक्यावर घेऊन भर उन्हात शिरपूरपर्यंत चालत गेला होता. त्या मालकानं कातडं पाहिलं, शेपटीवरचा पांढरा ठिपका ओळखला आणि म्हणाला, चांगली राखली होती तू. ही गोष्ट पुंजाजीनं मला वीसेक वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी त्या वाक्यापाशी येऊन तो थांबे. त्यालाही तेवढंच हवं होतं. डॉक्टरांच्या घरच्या माणसानं यावं, चालू गाडी बघावी, पोती उघडून बघावीत आणि ते एक वाक्य म्हणावं. यापलीकडे त्याला त्या गाडीकडून काही नको होतं, हे मी शपथेवर सांगतो.

त्याच्या घरच्यांना मात्र या इमानदारीनं जेरीस आणलं. पोरीचं, रेखाचं लग्न ठरलं. मुलगा शिरपूरचा. व्याही मंडळींनी बोलता बोलता म्हटलं, दारात एवढी देखणी गाडी आहे, नवरी तिच्यातूनच वाटे लावा. गिरजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पदर पसरला. पोरगी रडली. मला मध्यस्थीला बोलावलं. मी आपला शहाणपणाचा मुद्दा काढला, की डॉक्टर इथं असते तर स्वतः पोरीला सोडायला गेले असते.

"चालू ठेव म्हटलं त्यायनं," पुंजाजी म्हणाला. "वापर नाही म्हटलं."

पोरगी काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून सासरी गेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मांडव अजून सोडला नव्हता, अंगणात पत्रावळी पडल्या होत्या, आणि हा टोपी घालून रिकामी गाडी फाटकापर्यंत फिरवून आला. गिरजाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मीही त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं, आणि ते शब्द मी आजही परत घेत नाही. पोरीच्या बाबतीत तो मूर्खासारखाच वागला.

डॉक्टर वारल्याची बातमी माझ्याच पोस्टात आली. छापील कार्ड, गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या नावानं. पुंजाजीच्या नावानं काही नव्हतं. मी वावरात जाऊन सांगितलं. तो मेथीला पाणी देत होता. त्यानं दांड फोडलेला तसाच राहू दिला, पाणी भलत्या वाफ्यात शिरलं तरी त्याला भान नव्हतं. मी म्हटलं, पुंजाभाऊ, आता तरी गाडी आपली समजा. तो म्हणाला, मालक मरते, अमानत नाही मरत. त्या संध्याकाळी त्यानं गाडी बंद पडलेल्या दवाखान्यासमोर नेऊन उभी केली, एकदा हॉर्न वाजवला आणि परत आणली. तो गुरुवार नव्हता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आता माझी बाजू सांगतो, कारण ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या शेठचा फोन आला. पुंजाजी तेव्हा बाजारात गेला होता. शेठ म्हणाला, रोटीवाले भाईला सांगा, जुना माल असेल तर फेकू नका. आजकाल शौकीन लोकांना कंपनीची मोहर असलेलाच पार्ट हवा असतो, तुटका असला तरी ते दुरुस्त करून घेतात. "हम जो देते हैं, वो तो नकल है, मास्टरजी." मी फोन ठेवला आणि ते पोटात ठेवलं. पुंजाजी प्रत्येक नवा पार्ट ओंजळीत धरून मला दाखवायचा, नख घासून बघायचा, म्हणायचा, असली माल आहे. त्याला नकल हा शब्द कोणत्या तोंडानं सांगायचा? माझी ही दया पुढं केवढ्याला पडणार होती, ते तेव्हा कळलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर पुंजाजीच्या मोबाइलवर डॉक्टरांच्या मुलाचा, अनिरुद्धचा, फोन आला, तेव्हा मी वावरातच होतो. पुंजाजी फोन कानाला लावत नसे. लांब धरायचा आणि मोठ्या आवाजावर ठेवून मला बोलायला लावायचा. अनिरुद्ध गोड बोलत होता. जुन्या गाड्यांची हौस लागलीय, वडिलांची गाडी नीट करून मिरवणुकीत उतरवायची आहे, कागद माझ्या नावावर झालेत, पुढच्या महिन्यात येतो. पुंजाजीचा चेहरा उजळला. तो हातानंच मला खुणावत होता, सांगा, चालू आहे म्हणून सांगा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिकडून प्रश्न आला, "पण काका, त्यांनी पार्ट वगैरे काढून विकले नाहीत ना? नाही, गावाकडं असं होतं, म्हणून विचारलं."

मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन बंद केला. पुंजाजी बांधावर जाऊन बसला. मग एवढंच म्हणाला, "इकले म्हनते." आणि थोड्या वेळानं, "त्याच्या बापानं जे देल्लं, ते त्याले देतो. माहं मी ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बाजार बंद केला. वांगी झाडावर पिकून पिवळी पडली. हा छपरात पोती उपसून बसला होता. बावीस वर्षांत स्वतःच्या मेहनतीनं घेतलेला एकेक पार्ट त्यानं गाडीतून काढला आणि त्याच्या जागी मेलेला बसवला. पंप काढून पंप, कार्बोरेटर काढून कार्बोरेटर, ब्रेकचं सामान, दारांची तडकलेली रबरं, फुटक्या काचेचा दिवा, मुका झालेला हॉर्न, शेवटी गुळगुळीत झालेले चारही टायर. प्रत्येक चिंधी सोडताना तो पुठ्ठ्यावरचं मोठ्यानं वाचायचा. गुरुवार आला, गाडी धुतली नाही. कडब्याची धूळ तिच्यावर बसू दिली. कोंबड्या टपावर चढल्या, त्यांनाही हाकललं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गिरजाबाई मला येऊन म्हणाली की मास्तर, यायले समजावा, मले भेव वाटून राह्यलं.

मी समजावलं नाही. शेठचं बोलणं मला चांगलं आठवत होतं. पण खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटत होती. ज्यानं चोरीचा आळ घेतला त्याच्या पदरात मढं पडणार, हे मनातून मला आवडलं होतं. पुण्याच्या त्या पोराला मोहर कळते कुठं, असं मी धरून चाललो.

त्याला कळत नव्हती, पण ज्याला कळते असा माणूस त्यानं सोबत आणला होता. सपाट पाठीचा ट्रक आला, मागून मोटारीतून अनिरुद्ध आणि दाढीवाला एक तज्ज्ञ. पुंजाजी धुतलेला सदरा घालून, टोपी घालून, किल्ली आणि गाडीचं जुनं पुस्तक हातात घेऊन उभा. त्यानं वाक्य तयार ठेवलं होतं. "मालकाचं मालकाले. पाहून घ्या साहेब, एक नटही कमी नाही." अनिरुद्धनं हो हो केलं आणि मोबाइलवर गाडीचा फोटो काढला.

तज्ज्ञानं बॉनेट उघडलं. पुंजाजी त्याच्या तोंडाकडे बघत होता. मीही. आता हा नाक मुरडणार, आता म्हणणार की गाडी मेलेली आहे. मग पुंजाजी नवे पार्ट दाखवणार होता, बावीस वर्षांचा हिशेब तोंडावर मारणार होता. तज्ज्ञानं कार्बोरेटरवरची धूळ अंगठ्यानं पुसली, वाकून मोहर वाचली. मग पंपाची वाचली, मग दिव्याची. त्याचे डोळे चमकायला लागले.

"सगळं ओरिजिनल आहे, सर," तो म्हणाला. "नशीब, इतकी वर्षं कुणी हात लावला नाही या गाडीला."

अनिरुद्ध खूश झाला. पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक यू काका. पडून होती तेच बरं झालं."

मी पुढं झालो. ती चालत होती, महिन्याआधीपर्यंत दर गुरुवारी चालत होती, हे माझ्या ओठावर आलं होतं. पुंजाजीनं माझं मनगट धरलं. त्या काडीसारख्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "राहू द्या, मास्तर," तो म्हणाला. काय सांगणार होता तो? हात लावल्याचा सगळा पुरावा त्यानं स्वतःच्याच हातानं काढून ठेवला होता. तो पुरावा गव्हाणीमागे तीन पोत्यांत भरलेला होता, आणि तो आता नुसता नकली माल होता. गाडी साखळीनं ओढून ट्रकवर चढवली. चाक अडलं तेव्हा पुंजाजीनंच खांदा लावला. जाताना अनिरुद्धनं गिरजाबाईच्या हातात वाटेवरच्या हॉटेलातला पेढ्यांचा पुडा दिला. तो कुणी उघडला नाही. बैलांना घातला की काय केलं, मला माहीत नाही.

गाडी सुरू होते का, असं त्या दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

त्यानंतर मी पुंजाजीला एकदाच पाहिलं, गेल्या उन्हाळ्यात. वाशीमहून येताना मुद्दाम त्याच्या वावरापाशी उतरलो. छपरात आता तीन बैल होते. वांग्याच्या वाफ्यात माकडांनी हैदोस घातला होता. पुंजाजी कडुलिंबाखाली बसला होता. लिंबाच्या खोडाला त्यानं शेठकडून आणवलेला फियाटचा हॉर्न ठोकला होता आणि तो बॅटरीला जोडला होता. माकडं जवळ आली की तो बटण दाबायचा. तोच आवाज. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी सवयीनं बाजूला सरकली आणि मागं वळून बघत राहिली.

मी त्याच्याजवळ बसलो आणि शेठच्या फोनचं सगळं सांगून टाकलं. मला माहीत होतं, मी गप्प बसलो, हेही सांगितलं. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं विचारलं, शेठची तब्येत बरी आहे ना? माकडं परत उतरली, त्यानं हॉर्न वाजवला, ती पुन्हा झाडावर गेली.

शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पुंजाभाऊ, गाडी तुमी लय चांगली राखली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादं चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल परत करावं तसं पाहिलं.

"तुमची कुठी होती गाडी, मास्तर?"

समोर बस दिसली. मी उठलो आणि तिला हात दाखवला.